लामा हेलिकॉप्टर: अ‍ॅल्युमिनियम चढवायचं की प्लास्टिकच ठेवायचं?

वरच्या पात्याचं टोक उडालंय, आतला शाफ्ट किंचित वाकलाय, आणि सुटे भाग शोधायला बसलं की समोर निळं-लाल चकचकीत अ‍ॅल्युमिनियम येतं. चार चॅनलचं (वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वळणं), रिमोटवर उडणारं कोएक्सियल, म्हणजे एकावर एक दोन पंखे (रोटर) असलेलं हेलिकॉप्टर ज्याच्या घरात आहे, त्याला हा मोह चुकत नाही. मी इथे ई-स्कायचं लामा व्ही४ डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. ब्लेड सीएक्स२ किंवा त्याच मापाच्या इतर मॉडेलांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. रोटरचा व्यास साधारण ३४ सेंटीमीटर, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, ब्रशवाल्या दोन मोटरी, ७.४ व्होल्टची ८०० एमएएच बॅटरी.

(गंमत म्हणजे खरं लामा कोएक्सियल नाहीच. एसए ३१५बी लामा, म्हणजे आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं चीता. त्याला वर एकच रोटर आणि शेपटीला छोटा पंखा. मॉडेलच्या शेपटीतला पंखा नुसता शोभेचा. एकावर एक फिरणारे रोटर खऱ्या आकाशात बघायचे, तर नौदलाची कामोव्ह बघायची.)

हेड: प्लास्टिक की अ‍ॅल्युमिनियम

हेड म्हणजे शाफ्टवर पाती धरणारा भाग. खरा पैसा इथे जातो, म्हणून जरा थांबून बघू. दोन सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरी) स्वॉशप्लेट (शाफ्टभोवतीची कलणारी तबकडी) हलवतात आणि त्याने फक्त खालचा रोटर कलतो. वरचा रोटर फ्लायबारच्या (टोकांना वजनं असलेल्या आडव्या दांडीच्या) मर्जीने चालतो, आणि त्या आळशी फ्लायबारमुळेच हे हेलिकॉप्टर नवशिक्याच्या हातातही हवेत उभं राहतं. पण स्टिक झटक्यात पुढे रेटली की खालचा रोटर कलतो, वरचा मागे राहतो आणि पाती एकमेकांवर आपटतात. हवेतच टाळी वाजते, आणि पुढच्या क्षणी फरशीवर तुकडे.

अ‍ॅल्युमिनियमचं हेड ही टाळी थांबवत नाही. ते फक्त स्वतः तुटत नाही. माझ्या लामाने प्लास्टिकचं हेड असताना कपाटाचा कोपरा गाठला, तेव्हा दोन पाती आणि एक ग्रिप (पातं धरणारा तुकडा) गेली. अर्ध्या तासात पुन्हा उडालं. अ‍ॅल्युमिनियम चढवल्यावर तोच कोपरा, तसाच फटका. हेडवर ओरखडासुद्धा नाही. आतला शाफ्ट वाकला, मोठ्या गिअरचे तीन दात गेले आणि बेअरिंगजवळ फ्रेमला चीर पडली. घरातल्या फ्यूजच्या जागी जाड तार बांधल्यासारखंच ते. शिवाय वजन वाढतं आणि मोटरी जास्त तापतात.

अपवाद दोन. स्वॉशप्लेट जुनी होऊन ढिली झाली असेल आणि हेलिकॉप्टर एका जागी उभं न राहता घोटाळत असेल, तर धातूची स्वॉशप्लेट जरूर घ्या, फरक हाताला जाणवतो. दुसरा, थोडा लांब आतला शाफ्ट (वरचा रोटर ज्यावर बसतो तो). त्याने दोन रोटरांमधलं अंतर वाढतं आणि टाळीची शक्यता खरोखर कमी होते. उरलेल्या पैशात पात्यांचे चार सेट आणून ठेवा.

मोटर: तीच, की ब्रशलेस

स्वयंपाकघरातल्या मिक्सरचे कार्बन (ब्रश) जातात तसंच इथे होतं, फक्त या छोट्या मोटरींचे कार्बन बदलता येत नाहीत, मोटरच बदलावी लागते. ओळखायची खूण सोपी: नाक आपोआप एका बाजूला वळायला लागतं. दोन रोटर उलटसुलट फिरून एकमेकांचा पीळ मारतात, त्यातला एक थकला की तोल गेला. हेलिकॉप्टरातल्या कंट्रोलरच्या डबीवर दोन बारीक स्क्रू असतात. त्यातल्या प्रपोर्शनच्या (दोन मोटरींच्या ताकदीचं प्रमाण ठरवणाऱ्या) स्क्रूने हे सावरता येतं. पण दर आठवड्याला तो थोडा थोडा फिरवावा लागत असेल, तर मोटर बदला, आणि बदलाल तेव्हा दोन्ही.

ब्रशलेस, म्हणजे कार्बन नसलेली मोटर, ऐकायला छान. पण लामाच्या त्या एका डबीत रिसीव्हर, जायरो (नाक स्थिर ठेवणारा सेन्सर), मिक्सर (दोन मोटरींच्या वेगाचा मेळ घालणारा) आणि दोन्ही स्पीड कंट्रोल एकत्र बसवलेत. ब्रशलेस मोटर लावली की ती डबी निकामी, म्हणजे सगळं वेगळं विकत घ्या. त्या खर्चात दुसरं हेलिकॉप्टर येतं. सोल्डरिंगची हौस असेल तर करा, बचत म्हणून नको. मोटरींवर बसणारे हीट सिंक मात्र स्वस्त आहेत, वजनही नगण्य.

बॅटरी: मोठी की दोन

दोन. ८०० ऐवजी ११०० एमएएच लावली तर वाढलेलं वजन उचलण्यातच बरीचशी जास्तीची ताकद खर्च होते, आणि नाक जड होतं ते वेगळंच. दोन बॅटऱ्या घेतल्या की मधे मोटरींना निवायला वेळ मिळतो. ११.१ व्होल्टची लावून बघायचा विचारही करू नका, डबी जळेल.

बॅटरी ८०० ची असेल तर चार्जिंग ०.८ अँपिअरवर, बॅलन्स लीड (बॅटरीतले दोन्ही सेल सारखे भरायची बारीक तार) लावून, आणि समोर बसून. आठवडाभर उडवणार नसाल तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. मे महिन्यात पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी तळलेल्या पापडासारखी फुगते.

दुरुस्ती की नवीन

उडवताना कंटाळा येतोय, वेग हवाय, म्हणून अपग्रेड करत असाल तर थांबा. कोएक्सियल कितीही सजवलं तरी वाऱ्यात ते वाहूनच जाणार, ते बंद हॉलचं जनावर आहे. वेग हवा असेल तर एका रोटरचं, फिक्स्ड पिचचं (पात्यांचा कोन न बदलणारं) छोटं मॉडेल घ्या. सुरुवातीला खूप पडेल, पण हात तयार होईल. उलट सायमा एस१०७ सारखं तीन चॅनलचं खेळणं असेल, तर त्यावर खर्चच करू नका. ते बाजूला सरकतच नाही, मग काय सुधारणार?

लामा ठेवायचंच ठरलं, तर निगा स्वस्त आहे. शाफ्ट काचेवर लोळवून बघा, डुगडुगला की वाकलाय. पात्यांचे स्क्रू आवळू नका: हेलिकॉप्टर आडवं धरलं की पातं स्वतःच्या वजनाने हळूच खाली यायला हवं. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बसवताना दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरा, तेवढीच फट पुरते. बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घाला, प्लास्टिकच्या गिअरला काही नको. (खोबरेल वापरणारे भेटलेत. डिसेंबरात ते गोठतं.) आणि शाफ्टच्या बुडाशी चिमटा घालून बघाच. आमच्या घरच्या हेलिकॉप्टरात दर महिन्याला वीतभर लांबीचे केस निघतात, आणि मी इतके दिवस सर्व्होला शिव्या देत होतो.

जुनं विकत घेत असाल तर दोन्ही रोटर हाताने फिरवून गिअरची करकर ऐका, मग डबीवरचा प्रपोर्शनचा स्क्रू बघा. तो एका टोकापर्यंत फिरवलेला असेल तर दोन नव्या मोटरी किमतीतून वजा करा. फुगलेल्या बॅटरीचे पैसे देऊ नका, आणि ती बॅटरी घरीही आणू नका.