'हेमा-फ्री' जेल पॉलिश सहा महिने वापरून झाली, खरं ते सांगते

नखांचं काम करून नऊ वर्षं झाली आणि गेल्या वर्षी अंगठा न् पहिल्या बोटाची टोकं तडकायला लागली, आधी वाटलं सॅनिटायझरमुळे असेल, मग पापण्याही सुजल्या तेव्हा स्किनच्या डॉक्टरकडे गेले. पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर पट्ट्या लावून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघतात) हेमा आलं, म्हणजे जेल पॉलिशमधलं एक केमिकल. म्हणून हा सेट घेतला, नाव लिहीत नाही.

पॉलिश म्हणून झकास, वास कमी, पसरत नाही, तीन आठवडे आरामात टिकते. पण बाटलीवर मोठ्या अक्षरात 'हेमा-फ्री' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात एचपीएमए!! तेही त्याच घराण्यातलं, हेमाची अ‍ॅलर्जी असलेल्याला बरेचदा तेही चालत नाही. मला दुसऱ्याच आठवड्यात खाज सुरू.

आणि ग्लोव्ह्ज घातले की झालं असं समजू नका, पातळ नायट्राइलमधून हे केमिकल काही मिनिटांत आरपार जातं, मी तर एकच जोडी दोन क्लायंटना वापरायचे, डोकंच नव्हतं 🤦‍♀️ जेल कडक करायचा लॅम्पही पॉलिशच्याच कंपनीचा घ्या, नाहीतर वरून कडक आणि आत कच्चं राहतं, फाइल करताना तीच कच्ची धूळ उडते (पापण्यांचं कोडं तिथं सुटलं).

ही अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा जात नाही, पुढे दातात सिमेंट भरतानाही डॉक्टरला सांगावं लागतं, त्यातही याच घराण्यातलं केमिकल असू शकतं.

दोन स्टार, तेही चमक बघून.