बाडर यू फिल्टरसोबत दोन उन्हाळे

ब्लॅक-आइड सुझन हे आमच्या मेरीलंडचं राज्यफूल, १९१८ पासूनचं. जून लागला की रस्त्याच्या कडेला, आमच्या कुंपणाशी, सगळीकडे पिवळंधमक. मधे काळसर तपकिरी बोंड आणि भोवती एकसारख्या पिवळ्या पाकळ्या, आपल्याला दिसतं ते एवढंच. मधमाशीला मात्र अतिनील किरणही दिसतात, आणि तिच्या लेखी या पाकळ्या एकसारख्या नसतातच. ते कॅमेऱ्यातून बघायचं म्हणून अतिनील फोटोंचा हा सगळा खटाटोप.

आधी फसले ते सांगते. सेन्सरवरची काच बदलून फुल स्पेक्ट्रम, म्हणजे अतिनील आणि इन्फ्रारेडही टिपणारा, करून घेतलेला जुना मिररलेस कॅमेरा माझ्याकडे होता. त्यासाठी ऑनलाइन एक स्वस्तातला, फक्त अतिनील प्रकाश आत सोडणारा म्हणून विकला जाणारा यूव्ही फिल्टर घेतला. अख्खा मोसम फोटो काढले, पण पाकळ्यांवर काही उमटेना. मग एकदा पानांकडे लक्ष गेलं. पांढरीशुभ्र, बर्फ साचल्यासारखी! अतिनील प्रकाशात पानं काळपट यायला हवीत. अशी पांढरी येतात ती इन्फ्रारेडमध्ये. फिल्टरमधून इन्फ्रारेड झिरपत होतं आणि पाकळ्यांवरचं सगळं त्यात धुऊन जात होतं. तो मोसम गेल्याचं अजूनही वाईट वाटतं.

मग बाडर यू फिल्टर घेतला. तो मुळात शुक्राचे ढग टिपायला दुर्बिणीवर लावतात. साधारण ३२० ते ३९० नॅनोमीटरमधलाच प्रकाश आत सोडतो, इन्फ्रारेड पक्कं अडवतो. पहिल्याच फोटोत पानं काळी आली. आणि सुझनच्या पाकळ्या? टोकाकडचा अर्धा भाग उजळ, बोंडाकडचा अर्धा गडद. बोंड धरून केवढी तरी मोठी काळी चकती. तिथे फ्लॅव्होनॉल नावाची रसायनं असतात, ती अतिनील किरण शोषून घेतात. १९७२ मध्ये याच फुलावर ते दाखवून दिलं गेलं. साताऱ्याला आईला साधा आणि अतिनील असे दोन्ही फोटो शेजारी लावून पाठवले. म्हणाली, "अगं, काजळ घातल्यागत दिसतंय की!"

फिल्टर महाग आहे, पण पैसे घालायचे तर इथेच घाला. लेन्सवर नकोत. आजकालच्या लेन्सवरची कोटिंग्ज अतिनील प्रकाश बराच अडवतात. मी जुनी एल-निक्कॉर ८० मिलिमीटर वापरते, डार्करूममध्ये एन्लार्जरला लावायचे ती. तिला स्वतःची फोकस रिंग नाही, वेगळी हेलिकॉइड (लेन्स पुढेमागे सरकवून फोकस करायची नळी) लागते, आणि २ इंची फिल्टर बसवायला अडॅप्टर. व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला सांगायला, नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप! चार-पाच पदर पुठ्ठ्यावर गुंडाळा, झालं. ते केलं नाही तर सगळा फोटो जांभळट लाल येतो.

खरा त्रास वाऱ्याचा. कडक उन्हातसुद्धा एफ ८ ला (लेन्सचं छिद्र बरंच बारीक ठेवून) मला अर्धा ते दोन सेकंद एक्स्पोजर द्यावं लागतं, आणि सुझनचा देठ लांब, जराशा झुळुकीने डुलतो. कपड्याचा चिमटा काठीला बांधून त्यात देठ अलगद धरते. फूल तोडायचं नाही, हे मी पहिल्यापासून पाळलंय. ट्रायपॉड न हलवता आधी साधा फोटो घ्यायचा, मग फिल्टर लावून फोकस पुन्हा तपासायचा.

यंदा एप्रिलमध्ये ओढ्याकाठी मार्श मॅरिगोल्ड टिपलं. नावात मॅरिगोल्ड असलं तरी झेंडूशी नातं नाही. तिथेही तसंच: वर उजळ, बुडाशी काळं. चिखलात गुडघे टेकून स्क्रीनवर ते उमटताना पाहिलं, आणि शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी आजींना हाक मारून दाखवलं.