सात महिने, सात किलो: ४० लिटरच्या एकाच बॅगेचा वापरानंतरचा अनुभव

ऑगस्ट ते फेब्रुवारी असा सात महिन्यांचा वापर. पहिले तीन महिने शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश; तिथे १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं), उरलेले चार ब्रिटनमध्ये. सामान म्हणजे पाठीवरची ४० लिटरची एक बॅग आणि सीटखाली मावणारी खांद्याची एक पिशवी. चेक-इनला काहीच नाही, म्हणून पाठीवरची बॅग केबिनच्या सात किलोंच्या मर्यादेत बसवायची होती. कंपनीचं नाव देत नाही, कारण या बनावटीच्या बॅगा चार-पाच कंपन्या काढतात आणि त्यांचे गुणदोष जवळपास सारखेच असतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. बॅग टिकली, एका चेनीने त्रास दिला आणि सामान पुरून उरलं. मात्र "किती जोड कपडे घ्यायचे" हा आपला नेहमीचा हिशेब साफ चुकला. हिशेब करायचा तो वाळण्याचा. नागपुरात मे महिन्यात गच्चीवर टाकलेली जीन्स दुपारच्या जेवणाआधी कडक होते, त्यामुळे कापड किती पाणी धरून ठेवतं हा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही. नोव्हेंबरात ब्रिटनमधल्या बंद खोलीत तीच जीन्स दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही कमरपट्ट्यापाशी आणि खिशांत ओली लागते. जो कपडा एका रात्रीत वाळत नाही, त्याच्या बदली दुसरा न्यावा लागतो, आणि सात किलोंचं गणित तिथेच मोडतं.

वजनाचा जमाखर्च असा होता. रिकामी बॅग १२५० ग्रॅम. बॅगेतले कपडे २२०० ग्रॅम: चार टी-शर्ट ६००, दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट ४००, एक पँट ३५०, पाच अंतर्वस्त्रं ३००, तीन जोड मोजे १५०, थर्मलचा वरचा-खालचा जोड ४००. पावसाचं जॅकेट ३००, चप्पल ३००, प्रसाधनं आणि औषधं मिळून ७००, दुपट्टा-नाडा-साबण ३००, चार्जर, केबली, अडॅप्टर आणि पॉवर बँक ७५०, कागदपत्रं २००, खाण्याचं ५००. बेरीज साडेसहा किलो. उरलेला अर्धा किलो मुद्दाम रिकामा ठेवला होता, कारण विमानतळावरचा काटा आणि घरचा काटा यांच्यात शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. बूट, एक पँट, एक शर्ट, फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं जॅकेट) आणि पिसांचं जॅकेट अंगावर किंवा हातावर. लॅपटॉप खांद्याच्या पिशवीत. हुकाला लटकवून मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्याच. तो नसेल तर बॅग घेऊन आणि बॅगेशिवाय असं दोनदा वजनकाट्यावर उभं राहून वजाबाकी करा. अंदाजाने उचलून "सात किलोच असेल" म्हणणाऱ्यांची बॅग बहुधा नऊची भरते.

चाकांची बॅग न घेण्याचं कारणही वजनच. केबिनमध्ये चालणारी चाकांची बॅग रिकामीच अडीच ते तीन किलोंची असते. सातातले तीन ती स्वतःच खाते.

मापाच्या बाबतीत एक मोठी फसगत आहे. दुकानात "केबिन साइज" म्हणून मिळणारी बहुतेक बॅग ५५ सेंटिमीटर उंच असते. इंडिगोची मर्यादा ५५×३५×२५ आहे, तिथे ती बसते. नागपूरहून दोह्याला थेट जाणाऱ्या कतार एअरवेजची मर्यादा मात्र ५०×३७×२५ आणि ७ किलो आहे. म्हणजे आपली बॅग पाच सेंटिमीटरने उंच. मऊ कापडाची, आत लोखंडी किंवा प्लास्टिकची चौकट नसलेली बॅग असेल तर वरचा कप्पा रिकामा ठेवून पट्टा आवळता येतो आणि ती ५० मध्ये येते. कडक कवचाच्या बॅगेला ही सोय नाही. दिल्ली किंवा मुंबईहून वेगळं तिकीट काढलं असेल तर दोन्ही विमानांपैकी कडक नियम कोणाचा ते बघून त्याच्याच मापाने भरा. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांचं तंत्र आणखी वेगळं. ईझीजेट फुकटात सीटखालची ४५×३६×२० ची बॅगच नेऊ देते आणि विझ एअर ४०×३०×२० ची. ४० लिटरच्या बॅगेला तिथे जादा पैसे पडतात. तिकिटाची किंमत बघतानाच ते धरा. बऱ्याचदा ते धरल्यावर रेल्वे परवडते.

आता कपडे. चार टी-शर्टांपैकी दोन पॉलिस्टरचे आणि दोन मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे होते, १५० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन १५० ग्रॅम). पॉलिस्टर चार-पाच तासांत वाळतो, पण घामाचं तेल धरून ठेवतो. तिसऱ्या महिन्यापासून धुतलेल्या टी-शर्टलाही काखेत वास राहतो. साध्या पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात (एक वाटी व्हिनेगर, चार वाट्या पाणी) अर्धा तास भिजवून मग साबण लावला की वास बराच जातो. मेरिनो तीन-चार दिवस घातला तरी वास येत नाही आणि रात्रभरात वाळतो, पण नाजूक असतो. बॅगेचा पट्टा खांद्यावर जिथे घासतो आणि कमरपट्टा जिथे येतो, तिथे पाचव्या महिन्यात बारीक भोकं पडली. बॅग पाठीवर असेल त्या दिवशी पॉलिस्टर आणि गावात फिरताना मेरिनो, असं वाटून घेतलं असतं तर भोकं पडली नसती. लॉन्ड्रीतल्या गरम ड्रायरमध्ये मेरिनो टाकू नका, आटतो.

सुती कपडे एकदम वर्ज्य करावेत असं मात्र नाही. सगळ्यात जास्त कामाला आली ती सुतीच वस्तू: उन्हाळ्यात आपण नागपूरकर डोक्याला बांधतो तो पांढरा पातळ दुपट्टा. जाड टर्किश टॉवेल अर्ध्या किलोच्या वर जातो आणि दोन दिवस ओला राहतो. दुपट्ट्याने अंग पुसून, पिळून खुर्चीच्या पाठीवर टाकला की सकाळपर्यंत कोरडा. विमानात पांघरूण, थंडीत मफलर, होस्टेलच्या खालच्या पलंगाला पडदा, अशी बाकीची कामं त्याने वरकड केली. प्रवासाचे म्हणून विकले जाणारे मायक्रोफायबर टॉवेल अंगाला चिकटतात, पाणी नीट टिपत नाहीत. दोन दुपट्टे न्या, ते टॉवेल नकोत.

धुण्याची पद्धत थोडक्यात. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीचा साठ ग्रॅमचा तुकडा कापून नेला. वडी द्रव नाही, म्हणून केबिनमध्ये द्रव १०० मिलीच्या आतल्या बाटलीतच नेण्याच्या नियमात येत नाही, आणि असा तुकडा तीन आठवडे पुरतो. रोज रात्री एक टी-शर्ट, एक अंतर्वस्त्र, मोजे, एवढंच. साठवून धुतलं की एकदम वाळत नाही. खरी युक्ती पिळण्यात आहे. हाताने पिळून झाल्यावर कोरडा दुपट्टा जमिनीवर पसरायचा, त्यावर कपडा सपाट ठेवायचा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर पायाने भार देऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. उरलेलं पाणी दुपट्टा ओढून घेतो, वाळण्याचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. दोरीसाठी परकराचे दोन नाडे एकमेकांत पीळ देऊन बांधले. कपड्याचं टोक पिळात खुपसलं की चिमटे लागत नाहीत. बाथरूममध्ये वाळत घालू नका, तिथली हवा आधीच दमट असते. खोलीत, खिडकी बोटभर उघडी ठेवून घाला. विजेच्या हीटरवर ओला कपडा टाकणं धोक्याचं आहे. गरम पाण्याने तापणाऱ्या भिंतीवरच्या रेडिएटरवर चालतं, पण त्याने खोलीत दमटपणा वाढून काचा घामेजतात.

थंडीच्या कपड्यांची अडचण नागपुरात वेगळीच. ऑगस्टमध्ये निघायचं तर बाजारात लोकरी काही नसतं. तिबेटी स्वेटरवाले येतात ते हिवाळ्यात. म्हणून थर्मल आणि फ्लीस आदल्या हिवाळ्यातच घेऊन ठेवावेत. जाड कोट नेऊ नका. थर्मल, शर्ट, ३०० ग्रॅमचं फ्लीस, ३५० ग्रॅमचं पिसांचं जॅकेट आणि सगळ्यांवर पावसाचं जॅकेट, एवढ्या थरांत शून्याच्या आसपासची थंडी आरामात निघाली. पिसं ओली झाली की फुगत नाहीत आणि ऊब जाते, म्हणून रिमझिमीतही पावसाचं जॅकेट वर हवंच. पाणी न शिरणाऱ्या अस्तराचे बूट मात्र पसंत पडले नाहीत. वरून पाणी आत गेलं की ते अस्तर पाणी बाहेरही सोडत नाही, दोन दिवस बूट ओले. साधे जाळीचे बूट कागदाचे बोळे कोंबून रात्रभरात वाळतात.

प्रसाधनांत एक नागपुरी गंमत आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. आपल्याकडे ऑगस्टमध्ये ते पातळ असतं, म्हणून सुरक्षा तपासणीत ते द्रवच: १०० मिलीच्या आतली बाटली, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. युरोपात पोचल्यावर तेच अरुंद तोंडाच्या बाटलीत दगड होऊन बसतं आणि थेंबही निघत नाही. रुंद तोंडाच्या छोट्या डबीत न्या, बोटाने काढता येतं. शाम्पू, टूथपेस्ट तिथे कुठेही मिळतात, त्यांचं ओझं वाहू नका.

खाण्याच्या अर्ध्या किलोत जवसाची चटणी २०० ग्रॅम, मेतकूट २००, सावजी मसाला १००. लोणचं आणि ठेचा तेलकट ओलसर असल्याने केबिनच्या तपासणीत अडतात, आणि फुटले तर सगळे कपडे गेले. सावजी मसाल्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या: त्यात बहुधा खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर बंदी आहे. शारजा किंवा दुबईमार्गे जाणार असाल तर मसाला खसखशीशिवाय कुटून घ्या किंवा घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पनीर नाही, आणि खव्याची संत्रा बर्फी नेण्याचा मोहही टाळलेला बरा. चटणीत किसलेलं सुकं खोबरं घालत असाल तर या खेपेला घालू नका. सुक्या खोबऱ्याला तेलामुळे उष्णता धरून पेटण्याचा धोका मानतात आणि आपल्या विमानतळांवर ते अडवतात.

वीज. पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-अवर. विनापरवानगी मर्यादा १०० ची आहे आणि ती केबिनमध्येच न्यावी लागते. आपल्या चार्जरच्या दोन गोल पिना युरोपात बऱ्याच ठिकाणी बसतात, पण सैल बसून रात्रीत निसटतात. ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतोच. सगळ्या देशांचा एक मोठा चौकोनी अडॅप्टर नेला होता. तो जड आहे आणि भिंतीतल्या सॉकेटातून निसटतो. दोन छोटे वेगळे अडॅप्टर बरे.

रोजची एक गोळी असेल तर सात महिन्यांच्या २१० गोळ्या, म्हणजे पंधराच्या १४ पट्ट्या. खोके टाका, पण पट्ट्या फोडून डबीत भरू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्या कंपनीचं नाव तिकडे कुणाला कळत नाही.

बॅगेचं काय झालं? मुख्य कप्पा सुटकेससारखा पूर्ण उघडतो, ही सगळ्यात चांगली गोष्ट. वरून तोंड असलेल्या बॅगेत तळाचा मोजा काढायला सगळं उपसावं लागतं. त्रास दिला तो चेनीने, आणि तोही कोपऱ्यावरच्या वळणावर. बॅग ठासून भरली की वळणावर दातांवर आडवा ताण येतो, सरकतं टोक दर वेळी जोराने ओढलं जातं, त्याचे जबडे हळूहळू फाकतात आणि चेन मागून उघडत जाते. दात शाबूत असतील तर पक्कडीने सरकत्या टोकाच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबल्या की चेन पुन्हा धरते. जोरात दाबलं तर टोक तुटतं. विकत घेताना मुख्य चेनीवर आठ किंवा दहा नंबर आहे का पाहा, पाच नंबरची इतका भार सोसत नाही. दाबून लहान करणारे कपड्यांचे कप्पेही याला कारण होतात. त्यांनी जागा वाचते, वजन नाही, आणि वाचलेल्या जागेत आपण आणखी काहीतरी कोंबतो. साधे जाळीचे दोन कप्पे पुरेसे आहेत. कमरपट्टा सात किलोंना लागत नाही, काढता येत असेल तर दीडशे ग्रॅम वाचतात.

आतलं पाणीरोधक अस्तर अजून चांगलं आहे, पण ते नागपुरात जपावं लागतं. हे पॉलियुरेथेनचं असतं, आणि उष्णता अधिक दमटपणा मिळाला की चिकट होऊन सोलपटतं. उन्हाळ्यात तापलेल्या आणि पावसाळ्यात कोंदट माळ्यावर तीन-चार वर्षं टाकलेली बॅग उघडावी तर हाताला गोंद लागल्यासारखं होतं, ते यामुळेच. ओल्या फडक्याने पुसून, सावलीत पूर्ण वाळवून, चेनी उघड्या ठेवून ती आता खोलीतल्या कपाटात उभी आहे.