गन भाड्याने देणारं फिल्मसिटीजवळचं दुकान : भाडं जास्त आहे पण द्या

मढच्या बंगल्यात आमच्या वेब सिरीजचं शूट होतं, त्यासाठी इथून एक रबराची आणि एक ब्लँक (नुसती दारू भरलेलं, पुढे गोळी नसलेलं काडतूस) फोडणारी अशा दोन गन घेतल्या. रबराची कोणालाही देतात, पण ब्लँकवाली त्यांच्या माणसाशिवाय दुकानाबाहेर जात नाही म्हणजे नाही. आमचा प्रॉडक्शनवाला तासभर घासाघीस करत होता, आर्टचा पोरगा सांभाळेल ना, माणूस कशाला. दुकानाचे काका म्हणाले मग रबराचीच न्या आणि आवाज शूटनंतर पोस्टमध्ये टाका. मला तिथेच पटलं, कारण अमेरिकेत 2021 ला रस्ट या सिनेमाच्या सेटवर हिरो अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातातल्या गनमधून गोळी सुटून कॅमेरावुमन हलिना हचिन्स गेली तिथेही गन सांभाळणाऱ्या मुलीकडे प्रॉप्सचंही काम दिलेलं, नंतर 18 महिन्यांची जेल तिलाच झाली, कोल्ड गन, म्हणजे आत जिवंत काडतूस नाही, असं ओरडल्याचं ज्याच्याबद्दल सांगतात तो एडी (असिस्टंट डायरेक्टर) 6 महिन्यांच्या प्रोबेशनवर सुटला आणि बाल्डविनवरची केस 2024 मध्ये कोर्टाने काढूनच टाकली. बजेट कापणाऱ्यांचं काय, ते मी बोलत नाही, उद्या पुन्हा त्यांच्याकडेच काम मागायला जायचंय.

असो. सेटवर आलेला माणूस पन्नाशीचा, बोलणं कमी. प्रत्येक टेकआधी गन उघडून नळीत टॉर्च मारायचा आणि आधी अ‍ॅक्टरला, मग कॅमेरामनला बघायला लावायचा. आमचा एडी वैतागला, दादा लाइट चाललाय हो. तर हा शांतपणे म्हणतो, साहेब तुम्ही पण बघा, तुमची सही लागणारे. नळीत बघण्याला कारण आहे, 1993 ला शूटिंगमध्ये गेलेला अ‍ॅक्टर ब्रँडन ली, त्याच्या वेळी डमी (दारू नसलेलं, नुसतं दिसायला खरं) काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलेलं आणि नंतर मारलेल्या ब्लँकने ते बाहेर ढकललं. डमी काडतूस कसं ओळखायचं तेही त्याने हिरोईनला दाखवलं, कानाशी धरून हलवलं की आतले छर्रे खुळखुळतात, खऱ्यात दारू असते त्यामुळे तसा आवाज येत नाही. तिने स्वतः एकेक हलवून बघितलं, मगच गन हातात घेतली. क्लोजअपला नळी कॅमेऱ्याच्या बाजूला वळवायला लावली, सरळ लेन्सवर रोखू दिली नाही, डायरेक्टर थोडा फुगला पण फ्रेम काही वाईट आली नाही. जेवायच्या सुट्टीत गन पेटीत, पेटीला कुलूप, चावी त्याच्या खिशात, स्पॉटदादालासुद्धा पेटी उचलू दिली नाही.

आता एक स्टार का कापला. माणसाचं कन्व्हेयन्स आणि ओव्हरटाइम आधी सांगत नाहीत, बिलात दिसतं, ते कोटेशनमध्येच लिहा ना काका. रबराच्या गनचा रंगही उडालाय, क्लोजअपला चालणार नाही. पोलीस स्टेशनला दिलेल्या पत्राची कॉपी घेतल्याशिवाय माल सोडत नाहीत, त्यामुळे आदल्या रात्री फोन करून उपयोग नाही, आणि गल्लीत टेम्पो वळत नाही, मेन रोडलाच लावा.