पार्किंगचे पेव्हर ब्लॉक: कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं ते

बंगल्याच्या पार्किंगसाठी कोटेशनं मागवली की सगळी सारखीच येतात: ‘६० एमएम पेव्हर, डिझाइन पसंतीचं, माल-मजुरीसह, अमुक रुपये चौरस फूट.’ खाली काय भरणार, याबद्दल फार तर ‘कच टाकून’ (कच म्हणजे खडी फोडताना निघणारा बारीक चुरा) एवढंच. दोन पावसाळ्यांत चाकोरीत खड्डा का पडतो, याचं उत्तर त्या दोन शब्दांत आहे.

आधी ब्लॉक. रबर मोल्डचा ब्लॉक पातळ माल साच्यात ओतून करतात. चकचकीत, रंग गडद, नमुन्यांच्या फळीवर हाच आधी नजरेत भरतो. पण त्याचा रंगीत थर वेगळा ओतलेला असतो. खालच्या मालाशी तो एकजीव झाला नसेल, तर उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना चाकाखाली पापुद्रे सुटतात. शिवाय पावसात उतारावर पाय घसरतो. तुळशी वृंदावनाभोवती शोभेल, गाडीखाली नको. मशीनचा ब्लॉक कोरडसर माल दाबून आणि थरथरवून काढतात. दिसायला खरखरीत, रंगाने फिका, पण पार्किंगला तोच घ्यावा.

आय.एस. १५६५८ या पेव्हरच्या भारतीय मानकाप्रमाणे हलक्या वाहतुकीला ६० मिमी जाडी आणि एम-३५ काँक्रीट लागतं (एमपुढचा आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत). पाण्याचा टँकर किंवा टेम्पो आत येणार असेल, तर ८० मिमी आणि एम-४०. टेस्ट रिपोर्ट मागाच, पण वजनकाटाही हाताशी ठेवा. २०० × १०० × ६० मिमीचा विटेच्या आकाराचा ब्लॉक साधारण २.८ किलो भरायला हवा. अडीचच्या आसपास आला तर आत पोकळ्या आहेत. चार-पाच ब्लॉक कडक उन्हात वाळवून वजन करा आणि २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा करा. मानकात सरासरी पाणीशोषणाची मर्यादा ६ टक्के आहे, म्हणजे २.८ किलोला सुमारे १७० ग्रॅम. उन्हात ब्लॉक पूर्ण वाळत नाही, त्यामुळे घरच्या चाचणीत आकडा थोडा कमीच येतो. तरीही मर्यादा ओलांडली, तर ट्रक परत पाठवा.

आता खालचं काम. तयार पातळीपासून ६० मिमी ब्लॉक, ३० मिमी वाळू आणि किमान १५० मिमी दाबलेला मुरूम-खडीचा थर, म्हणजे साधारण १० इंच खोदाई. काळी माती असेल तर आणखी फूटभर काढून मुरूम भरायचा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं सगळं हलवते. मुरूम एकदम ओतून वरून मशीन फिरवू नये. चार-चार इंचांचे थर, पाणी, दाब, मग पुढचा थर. ४०० चौरस फुटांना ६ इंचांचा दाबलेला थर २ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो, म्हणून सुटा माल अडीच ब्रास धरा. ड्रेनेजच्या पाइपावरून बुजवलेला चर जिथे असेल, तिथे दुप्पट लक्ष द्या. सगळ्यात आधी तोच बसतो.

वाळूऐवजी टाकतात त्या कचेत दगडाचं पीठ फार असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि चाक गेलं की चिखल होऊन सांध्यातून वर येतं. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घ्या. मुरमाच्या थरातले उंचवटे-खळगे वाळूने झाकायचे नाहीत. जिथे वाळू जाड, तिथेच पुढे खड्डा. वाळूत सिमेंट कालवणंही नको. दोनच वर्षांनी पाइपलाइनसाठी उकरावं लागलं, तर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येणं हाच शहाबादी फरशीपेक्षा पेव्हरचा मोठा फायदा, आणि तो सिमेंटने जातो.

उतार ५० ला १, घरापासून बाहेरच्या बाजूला. २० फुटांत ५ इंच. गाडीखाली हेरिंगबोन मांडणी (ब्लॉक एकमेकांना काटकोनात, नागमोडी) घ्या. सरळ ओळींत लावलेले ब्लॉक ब्रेकच्या धक्क्याने सरकतात. चारही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारा काठ हवाच. कोटेशन कमी करायला ठेकेदार सर्वात आधी हाच गाळतो आणि मग कडेची ओळ बाहेर सरकून सांधे उघडे पडतात.

सांधे २ ते ४ मिमी. आधी एकदा प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या सपाट पत्र्याने दाबणारं मशीन), मग कोरडी बारीक वाळू झाडूने भरून दुसऱ्यांदा. ज्याच्याकडे हे मशीन नाही आणि जो लाकडी ठोकळ्याने ठोकतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी काम देऊ नये. कापायचे तुकडे कटरने कापलेले हवेत, हातोड्याने फोडलेले नकोत.

४०० चौरस फुटांना २०० × १०० मिमीचे सुमारे १,८६० ब्लॉक लागतात. तुटफूट धरून १,९५० मागवा आणि उरलेले ठेवून द्या, तोच रंग नंतर मिळत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर सांध्यांत पुन्हा वाळू भरून देण्याची अट कोटेशनमध्येच लिहून घ्या आणि थोडी रक्कम तोवर हातची राखा.