सहा फुटांवरची उंची आणि चिनी विमान कंपन्यांची इकॉनॉमी: काही महिन्यांच्या वापरानंतर

उंची सहा फूट दोन इंचांपर्यंत असेल तर एअर चायना, चायना ईस्टर्न, चायना सदर्न किंवा हायनान यांच्या लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत दहा-अकरा तास निभावतात. आरामात जातात असं नाही, पण उतरल्यावर चालता येतं. त्याहून उंच असाल, आणि उंची मुख्यतः पायांत असेल, तर तिकिटाच्या किमतीआधी विमानाचा प्रकार बघावा लागतो. एकाच कंपनीच्या, एकाच मार्गावरच्या दोन विमानांत जो फरक पडतो, तो दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. सेवा, जेवण, हवाई सुंदरींचं इंग्रजी यावर पुष्कळ लिहिलं जातं. गुडघ्यांना त्याचा काही उपयोग नाही.

आधी स्वतःचं माप घ्या

घरी स्टुलावर बसून पाठ आणि बैठक भिंतीला पूर्ण चिकटवा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत टेप धरा. सहा फूट दोन इंच उंचीच्या माणसाचं हे माप साधारण ६४-६५ सेंटिमीटर भरतं, पण सारख्या उंचीच्या दोघांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो. विमानात कामाला येतो तो हाच आकडा, नुसती उंची नव्हे.

आता विमानाची बाजू. कंपन्या सांगतात तो पिच, म्हणजे एका खुर्चीच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात खुर्चीच्या पाठीची जाडीही धरलेली असते. लांब पल्ल्याच्या चिनी विमानांत तो बहुधा ३१ ते ३२ इंच असतो, म्हणजे ७९ ते ८१ सेंटिमीटर. त्यातून जुन्या, जाड गादीच्या खुर्चीसाठी १०-१२ सेंटिमीटर वजा करा, नव्या पातळ खुर्चीसाठी ६ ते ८. म्हणजे ३२ इंची जुनी खुर्ची सुमारे ७० सेंटिमीटर देते आणि ३१ इंची पातळ खुर्ची एखाद-दोन सेंटिमीटर जास्तच. पिच कमी दिसला म्हणून नवं विमान टाळू नये, ते यासाठी.

६५ सेंटिमीटरच्या मांडीला ७० मध्ये पाच सेंटिमीटर उरतात. ते चैनीसाठी नाहीत. दहा तास कोणीही ताठ बसत नाही, झोप लागली की बैठक पुढे घसरते आणि चार-पाच सेंटिमीटर तिथेच जातात. म्हणून स्वतःच्या मापात पाच मिळवा आणि मग खुर्ची निवडा. बेरीज ७२ च्या वर गेली तर साध्या ओळीत लांबचा प्रवास करण्याचा विचार सोडलेला बरा.

पुढच्याने खुर्ची मागे टाकली की गुडघे चिरडतील ही भीती मात्र अर्धीच खरी आहे. पाठ वळते ती बैठकीजवळच्या बिजागरीवर, त्यामुळे गुडघ्यांच्या पातळीला फार थोडी जागा जाते. जाते ती छातीसमोरची आणि डोळ्यांसमोरची. अडचण होते ती खाली वाकायला, ट्रेवरचं जेवायला आणि बाजूच्या माणसाला उठून वाट द्यायला.

रुंदी: एक सोपा भागाकार

उंच माणसाचे खांदेही सहसा रुंद असतात आणि गुडघे सरळ मावले नाहीत की ते फाकवावे लागतात. म्हणून रुंदीही लांबीइतकीच महत्त्वाची. केबिनची आतली रुंदी भागिले एका रांगेतल्या खुर्च्या, एवढं केलं तरी विमान कळतं. खालच्या आकड्यांत चालायच्या दोन्ही वाटा धरलेल्या आहेत, त्यामुळे हे खुर्चीचं माप नाही, तुलनेपुरतं आहे.

एअरबस ए३३०: ५.२८ मीटर, आठ खुर्च्या, दर माणशी ६६ सेंटिमीटर. ए३५०: ५.६१ मीटर, नऊ खुर्च्या, ६२. बोइंग ७८७: ५.४९ मीटर, नऊ खुर्च्या, ६१. बोइंग ७७७: ५.८७ मीटर, रांगेत नऊ असतील तर ६५, दहा असतील तर जेमतेम ५९.

७७७ चं नाव ऐकून मोठं विमान म्हणून खूश होऊ नका. सीट मॅप उघडून रांगेतल्या खुर्च्या मोजा. ३-४-३ दिसलं की खुर्ची सुमारे १७ इंचांची, आणि मधल्या चौघांत आतल्या दोन जागा मिळाल्या तर दोन्ही बाजूंनी खांदे आवळलेले. ए३३० वयाने जुनं, समोरचे टीव्हीचे पडदे लहान, पण २-४-२ मांडणीमुळे उंच माणसाला आजही तेच सगळ्यात सोयीचं. जोडीने जाणाऱ्यांनी खिडकीकडची दोनची जोडी धरावी, म्हणजे शेजारी तिसरा माणूसच नाही.

ए३३० मध्ये एकच डोकेदुखी: पडद्याच्या यंत्रणेची पेटी. काही जुन्या मांडण्यांत ती पुढच्या खुर्चीखाली बसवलेली असते आणि एका पायाची जागा खाते. बहुतेकदा ती जोडीतल्या एकाच खुर्चीखाली असते. सीट मॅपवर ती दिसत नाही; विमानात शिरल्यावर पुढच्या खुर्चीखाली हात घालून बघा आणि पेटी असेल तर जोडीदाराशी जागा बदला.

कोणती ओळ

आपत्कालीन दाराची ओळ म्हणजे स्वर्ग असं सगळेच सांगतात. निम्मं खरं. मोठ्या विमानांत दारामागच्या ओळीत खिडकीच्या खुर्चीसमोर दाराचा फुगीर भाग येतो, त्यात घसरगुंडी गुंडाळलेली असते. तिथे खिडकीच्या प्रवाशाचे पाय वाकडे राहतात आणि शेजारची मधली किंवा वाटेकडची जागा मोकळी मिळते. दारापाशी पायांना गार लागतं, जाड मोजे हवेत. ट्रे आणि पडदा हातांच्या दांड्यांत असल्याने दांडे भरीव आणि न उचलता येणारे, म्हणून मांड्यांना रुंदी थोडी कमी. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पिशवी वर ठेवावीच लागते. आणि समोर शौचालय असेल तर जेवणानंतर रांग तुमच्या पायांवरच उभी.

ए३२० किंवा ७३७-८०० सारख्या लहान विमानांत पंखावर दारांच्या बहुधा दोन ओळी असतात. त्यातली मागची घ्या. पुढच्या ओळीची पाठ दाराची वाट अडू नये म्हणून मागे झुकत नाही, मागचीची झुकते. या ओळीत बसणाऱ्याला दार उघडायला मदत करता आली पाहिजे आणि कर्मचाऱ्यांच्या सूचना समजल्या पाहिजेत. चिनी येत नसेल तर इंग्रजीत विचारतात. नुसती मान डोलावली तर उठवतात, आणि ते बरोबरच आहे.

भिंतीसमोरची पहिली ओळ मात्र लांब पायांना अनेकदा साध्या ओळीपेक्षा वाईट. गुडघ्यांना जागा मिळते पण पाय पुढच्या खुर्चीखाली सरकवता येत नाहीत, भिंत मध्ये येते. शिवाय बाळाचा पाळणा तिथेच लागतो आणि तान्ह्या मुलांच्या पालकांना ती ओळ आधी दिली जाते.

हे काहीच मिळालं नाही तर वाटेकडची जागा. खिडकीकडे भिंत आत वळते आणि रुंद खांद्याच्या माणसाला दहा तास तिरकं बसावं लागतं. वाटेकडे एक पाय मोकळा ठेवता येतो. जेवणाची गाडी आली की तेवढा आत घ्या. शेपटीकडे ७७७ निमुळतं होतं आणि कडेच्या गटातली एक खुर्ची कमी होते. तिथे खिडकी आणि खुर्चीमध्ये जी फट उरते तिच्यात एक पाय सरळ बसतो. आवाज आणि हेलकावे जास्त, पण पायांना सोय.

जागा पक्की करताना काय अडतं

भारतातल्या एजंटकडून किंवा बुकिंगच्या संकेतस्थळावरून तिकीट घेतलं की मिळणारा सहा अक्षरी पीएनआर बरेचदा त्यांच्या प्रणालीचा असतो. चिनी कंपन्या ट्रॅव्हलस्काय नावाच्या देशी प्रणालीवर चालतात आणि तिथे त्याच तिकिटाला वेगळा पीएनआर पडतो. मग कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा पीएनआर चुकीचा ठरतो आणि लोक घाबरतात. अशा वेळी तेरा आकडी तिकीट क्रमांक टाका. पहिले तीन आकडे कंपनी सांगतात: ९९९ एअर चायना, ७८१ चायना ईस्टर्न, ७८४ चायना सदर्न, ८८० हायनान. क्रमांक चालला नाही तर एजंटकडून कंपनीचा पीएनआर मागून घ्या. नाव पासपोर्टप्रमाणे, आडनाव आधी.

सीट मॅपवरची अक्षरं सलग नसतात, ए-बी-सी नंतर थेट जे-के-एल येऊ शकतं. चायना सदर्नच्या लहान विमानांत इकॉनॉमी ३१ व्या ओळीपासून सुरू होते, त्यामुळे ३२ वी ओळ शेपटीकडची समजून सोडू नका.

दाराच्या ओळी बहुधा आधी कुलूपबंद असतात किंवा पैसे भरून मिळतात. न विकलेल्या ओळी विमानतळावरच्या काउंटरवर सुटतात, म्हणून काउंटर उघडताच पहिल्या दहा-वीस माणसांत असणं फायद्याचं. उभं राहिलं की उंची दिसतेच, समजवावं लागत नाही. ‘मी उंच आहे, दाराजवळची किंवा वाटेकडची जागा मिळेल का’ हे वाक्य चिनीत फोनवर साठवून ठेवा. विमानात चढल्यावर रिकाम्या जास्तीच्या जागेवर स्वतःहून जाऊन बसायचा प्रयत्न सहसा फसतो, कारण ती विकायची जागा असते.

आणि विमान बदलतं. ए३५० बघून घेतलेलं तिकीट आदल्या दिवशी ए३३० चं झालं, तर निवडलेली जागा आपोआप दुसरीकडे जाते. निघण्याच्या आधी ७२ आणि २४ तासांनी, असं दोनदा बघा.

प्रीमियम इकॉनॉमी

एअर चायनाच्या ए३५० मध्ये ३१२ जागांपैकी २४, चायना सदर्नच्या ३१४ पैकी २४ आणि चायना ईस्टर्नच्या २८८ पैकी ३२ जागा प्रीमियम इकॉनॉमीच्या आहेत. पिच ३६ ते ३८ इंचांच्या घरात. मांडीचं माप ६८ सेंटिमीटरच्या वर असेल तर पैसे इथेच घालावेत. जागा थोड्या, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात भाव बघून घेऊ म्हणणाऱ्याला त्या सहसा मिळत नाहीत.

खुर्चीत बसल्यावर

समोरचा खिसा रिकामा करा. मासिकं, बाटली, हेडफोनची पिशवी मिळून गुडघ्यासमोरचे दोन-तीन सेंटिमीटर खातात. लांब पायांच्या माणसाच्या मांड्या गादीच्या पुढच्या कडेवर टेकत नाहीत आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. पांघरुणाची घट्ट गुंडाळी करून मांड्यांखाली पुढे सरकवली की तो वाटला जातो. डोक्याची उशी वर ओढून बघा, पुष्कळ खुर्च्यांत ती काही सेंटिमीटर वर येते. तरी मानेलाच लागत असेल तर पूर्ण खाली ढकला आणि पाठीमागून उंच, पुढे पातळ अशी मानेची उशी वापरा.

दर तासाला उठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात चार तासांवरच्या प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट सांगितला आहे आणि १९० सेंटिमीटरपेक्षा उंच माणसांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. मूळ धोका लहान आहे, पण आधी गुठळी झालेली असेल तर पाय आवळून धरणाऱ्या खास मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच निघा.

मार्ग आणि चीनमधला पुढचा टप्पा

चिनी कंपन्या युरोपला जाताना आजही रशियावरून उडतात, युरोपीय कंपन्या २०२२ पासून वळसा घालतात. त्यामुळे बीजिंग किंवा शांघायहून युरोपचा प्रवास तासा-दोन तासांनी कमी. गुडघ्यांच्या हिशेबात ही सूट पिचमधल्या एका इंचापेक्षा मोठी.

भारतातून थेट उड्डाणं २०२० नंतर २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. चायना ईस्टर्नने दिल्ली-शांघाय ९ नोव्हेंबरला ए३३० ने सुरू केली, तर इंडिगोची कोलकाता-ग्वांगझौ ए३२० ने. मुंबई-पुण्याच्या उंच प्रवाशाला दिल्लीपर्यंतचा टप्पा पकडूनही पहिला पर्याय पायांना सोपा.

खरी परीक्षा चीनमधल्या देशांतर्गत टप्प्यावर. ७३७ आणि ए३२० मध्ये पिच २९ ते ३१ इंच. स्वस्त तिकिटांच्या स्प्रिंग एअरलाइन्सच्या ए३२० मध्ये तर १८० ते १८६ खुर्च्या कोंबलेल्या, ६५ सेंटिमीटरच्या मांडीला तिथे ताठ बसण्यावाचून पर्याय नाही. सी९१९ हे चिनी बनावटीचं विमान चायना ईस्टर्न मे २०२३ पासून प्रवाशांसाठी उडवते; त्यात तिघांतली मधली खुर्ची कडेच्यांपेक्षा दीड सेंटिमीटर रुंद आहे. पायांना त्याचा फायदा नाही, खांद्यांना आहे. जाता जाता: २८ जून २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणांत ३सी हे चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि भारतात घेतलेल्यांवर ते बहुधा नसतं.

एवढ्यासाठी जिथे जमेल तिथे रेल्वे. फुशिंग नावाच्या वेगवान गाड्यांत दुसऱ्या वर्गाच्या ओळींमधलं अंतर ९८ सेंटिमीटर, पहिल्या वर्गात ११६. बीजिंग-शांघाय हे १,३१८ किलोमीटर सगळ्यात वेगवान गाडी साडेचार तासांच्या आत कापते. दुसऱ्या वर्गात ३-२ मांडणी, दोनच्या बाजूची जागा मागा. विक्री १५ दिवस आधी उघडते आणि दोनच्या बाजूच्या जागा आधी संपतात.