लॉन बसवून देणारी नर्सरी : पाचपैकी अडीच

मी धुळ्याला, देवपुरात राहतो. नर्सरीचं नाव लिहीत नाही. त्यांचं गवत खोटं निघालं नाही, माळी पोरगाही गुणी आहे. तक्रार आहे ती कामाची.

जुलैत घरापुढे २० बाय २५ फुटांवर मेक्सिकन लॉनचे चौकोन बसवून घेतले. जमिनीची तयारी म्हणजे वरून ओतलेली काळी माती, बस. पावसाळाभर लॉन असं हिरवं, की येणारा चप्पल काढून चालून बघायचा. एक महिन्याची गॅरंटी त्या पावसातच संपली.

एप्रिलात नळ आठ दिवसांआड यायला लागला. लॉनला हप्त्यातून एकदाच पाणी द्यायचं असं घरात ठरलं, आणि पंधरा दिवसांत गोधडीसारखे ठिगळ दिसायला लागले. कडुनिंबाच्या बुंध्याजवळ पिवळं, फाटकापासून ओट्यापर्यंतच्या पायवाटेवर करडं, आणि मधोमध एक तपकिरी आयत, पट्टी लावून आखल्यासारखा. नर्सरीवाल्याला फोटो पाठवले. "काका, युरिया मारा, रोज थोडं थोडं भिजवत जा." मारला. कोरड्या गवतावर युरिया पडला आणि जिथे मूठ जड झाली तिथलं उरलंसुरलंही जळालं.

मग पहार घेतली. आयताच्या जागी चार बोटं खाली गेली आणि टण्ण! खाली हौदाचा स्लॅब. घरातलं सगळं पाणी जिथे साठतं, त्याच्याच डोक्यावरचं गवत तहानेनं आधी मेलं. चार बोटं माती उन्हात दोन दिवसांत भाजून निघते, आणि मुळांना खाली जायला जागाच नाही. पायवाटेवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे निघाले, घर बांधतानाचे. ते उचलायचं काम नर्सरीचं होतं, कोटेशनमध्ये 'जमीन साफ करणे' असं लिहिलेलं आहे. कडुनिंबाचं मात्र मी कोणाला बोलत नाही, त्याची मुळं आधीपासून तिथे आहेत.

फवारा त्यांनीच दिलेला, तीन हातांचा फिरता. लॉनवर सहा वाट्या मांडल्या, अर्धा तास फवारा चालवला. शेजारच्या आजी कंपाउंडवरून बघत होत्या, "काय करी राहिना भाऊ?" फवाऱ्याजवळच्या वाटीत ३ मिलिमीटर, दहा फुटांवरच्या वाटीत ११, पश्चिमेच्या कोपऱ्यात तळ जेमतेम ओला. प्रेशर कमी असलं की पाणी नीट फुटत नाही, लांब एका कड्यात पडतं. त्यात आपल्याकडचा पश्चिमेचा वारा. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या. माझं निम्मं पाणी पूर्वेची भिंत पीत होती. ५०० चौरस फुटांवर १० मिलिमीटर म्हणजे जवळपास ४६५ लिटर पाणी. एवढं पाणी भिंतीला पाजायचं का?

आता फवारा बंद. सकाळी सहाला नळी हातात धरून, हप्त्यातून एकदाच, पण वीतभर माती भिजेपर्यंत. रोजच्या शिंतोड्यानं मुळं वरच घुटमळतात. गवत दोन इंचांखाली कापत नाही. पिवळ्या भागातले बुडखे नखानं सोलून पाहिले, आत पांढरे आणि टणक निघाले, म्हणजे पावसात फुटतील. आयतातले मात्र चुरगळले की भुसा. आणि गंमत बघा, कोपऱ्यात आपोआप आलेली हरळी, जिला कपाशीत आम्ही शिव्या घालतो, ती अजून हिरवी आहे.

गवताला दोन, माळ्याच्या हाताला अर्धा, बाकी शून्य. लॉन बसवायचंच असेल तर आधी पहार मारून बघा, आणि रेट स्क्वेअर फुटावर असतो, तेव्हा हौदावरचे ४० फूट मोजणीतून वजा करायला लावा. माझे त्यांनी धरले होते.